एकतीस दिवस बिनओट्याचे

मिस्त्रीने सांगितले होते, "टीचर, बारा दिवस धरा. तेराव्या दिवशी नव्या ओट्यावर चहा करून आम्हालाच पाजाल." मी वर्गात मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणारी बाई, पण या बारावर विश्वास ठेवला. ज्या भगिनींनी घरात कधी काम काढले आहे त्या आता हसत असतील.

काम काढण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या लोणावळ्याच्या पावसाने मोरीची भिंत आतून पोखरली होती. कडप्प्याचा ओटा एका बाजूने खचला होता आणि सिंकखालचे पाणी शेजारच्या खोलीत उतरत होते. चार वर्षे बाजूला टाकलेले दोन लाख दहा हजार रुपये हाताशी होते. त्यातले दहा हजार मी वहीत वेगळे लिहिले : "बाहेरचे जेवण, १२ दिवस". शनिवार, ३ मे २०२५ रोजी ओट्यावर पहिला हातोडा पडला. शाळेला सुट्टी होती आणि ७ जूनला बकरी ईद. मधे पाच आठवडे. मला वाटले, वेळ भरपूर आहे.

घरात आम्ही पाच जण : मी, आमचे हे, बारावीत गेलेली मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. अम्मींना साखर आहे, वरच्या दातांची कवळी आहे आणि बाहेरच्या अन्नावर त्यांचा पन्नास वर्षांचा अविश्वास आहे. हे तळेगावला कंपनीत जातात, त्यांचे दुपारचे जेवण कँटीनमध्ये. म्हणजे दुपारी चार ताटे, रात्री पाच.

आधी वाटले होते, इंडक्शन शेगडी बेडरूममध्ये ठेवून खिचडी-आमटी करू. पहिल्याच दिवशी मिस्त्रीचे फरशी कापायचे मशीन आणि माझी शेगडी एकाच वेळी चालू झाली आणि घरातली वीज गेली. पातेल्यावर सिमेंटची धूळ, भांडी न्हाणीघरात उकिडवे बसून घासायची. दोन दिवसांत कंबर धरली. शेगडी गुंडाळली आणि फक्त किटली ठेवली. चहा, उकडलेली अंडी आणि बेकरीतली खारी-टोस्ट एवढाच घरचा स्वयंपाक उरला.

आता लोणावळ्यात राहणाऱ्यांची अडचण बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटते, तुमच्या गावात हॉटेलांना काय तोटा! हॉटेले आहेत, पण ती आमच्यासाठी नाहीत. ती शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी आहेत. मे महिन्यात तर रोजच शनिवार. पहिल्या रात्री आम्ही एका हॉटेलात पन्नास मिनिटे दाराशी उभे होतो. अम्मी प्लास्टिकच्या खुर्चीवर तसबीह फिरवत बसल्या होत्या. आत गेल्यावर वेटरने पहिला प्रश्न विचारला, "पाणी बाटलीचं की साधं?" असा काही विचारतो की साधे म्हणायची माणसाला लाजच वाटावी.

बिल आले अकराशे पंचावन्न रुपयांचे. जेवण हजाराचे, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि मग सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. ह्यांनी पाकीट काढले, मी कागद हातात घेतला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे की सर्व्हिस चार्ज हॉटेलने आपणहून बिलात घालायचा नाही; द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. त्यावर हॉटेलवाले कोर्टात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मी गल्ल्यावर जाऊन एवढेच म्हटले, "हा चार्ज काढून द्या." मालकाने वाद घातला नाही, नवे बिल दिले. एकशे पाच रुपये वाचले. मुलगी मात्र रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. तिला शरम वाटली होती. तिच्या वयात मलाही वाटली असती.

जीएसटीचेही सांगून ठेवते. काही लहान हॉटेले कंपोझिशन योजनेत असतात. ती स्वतःच्या विक्रीवर कर भरतात, पण गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाहीत. बिलावर तसे लिहिलेले असते. तेव्हा बिल वाचायची सवय लावा. पैसे देणारा बिल वाचतो याची लाज वाटायचे कारण नाही.

चार दिवसांत पाच हजार संपले. बारा दिवसांसाठी ठेवलेल्या पैशातले अर्धे. आणि याच चौथ्या दिवशी मिस्त्रीने बातमी आणली की भिंतीतला पाइप पूर्ण सडलाय, प्लंबर मिळायला चार दिवस लागतील, आणि निवडलेली टाइल दुकानात संपली आहे. मी वही मिटली.

मग आम्ही स्वस्ताईला लागलो. सकाळी पोहे, दुपारी वडापाव, रात्री मिसळ नाहीतर डोसा. पाचशे रुपयांत दिवस भागू लागला. मुलगा खूश होता. पण वडापाव एकाला स्वस्त पडतो. पाच जणांची पोटे भरायला लागलात तर तो तसा स्वस्त राहत नाही, आणि दोन तासांनी भूक पुन्हा दारात उभी. पाचव्या दिवशी मुलाचे पोट बिघडले. डॉक्टर आणि औषधे मिळून साडेसातशे. त्याच वेळी अम्मींची उपाशीपोटी साखर तपासली, ती दोनशे दहा निघाली. घरी असताना एकशे तीसच्या वर फारशी जात नसे. पाव, बटाटा, मैदा, साखरेचा चहा. दुसरे काय होणार? डॉक्टरांनी माझ्याकडे जे पाहिले ते मला अजून आठवते. अम्मी मात्र म्हणाल्या, "तिची चूक नाही, बेटा. चूल नाही घरात."

त्या रात्री मला झोप आली नाही. पन्नास वर्षे या बाईंनी घरातल्या प्रत्येकाला गरम वाढले, आणि त्यांना मी वडापावावर ठेवले होते.

मुलाला बरे नाही म्हणून ११ मेच्या रविवारी पुन्हा एका मोठ्या हॉटेलात दाल-खिचडी घ्यायला गेलो. दोनशे वीस रुपयांची एक प्लेट. ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण पोर गुणी. सगळा प्रकार ऐकून त्याने आवाज खाली केला, "टीचर, तुम्ही इथं कशाला आलात? आम्ही कुणीच इथं जेवत नाही."

"मग कुठे जेवता?"

"स्टेशनच्या मागं, मावशीकडं."

माझ्या इतक्या दिवसांच्या हिशेबात हा प्रश्न आलाच नव्हता. ज्या गावात हजारो लोक हॉटेलांत राबतात, ते वेटर, वॉचमन, बंगल्यांचे माळी, रिक्षावाले रोज दोन वेळा कुठेतरी जेवतच असणार, आणि ते अकराशेचे बिल नक्कीच भरत नसणार. पर्यटनाच्या कुठल्याही गावी गेलात, तर हाच प्रश्न विचारा.

मावशींची खाणावळ म्हणजे एका बोळातल्या दोन खोल्या. चार बाकडी, बाहेर हात धुवायला नळ आणि साबण, भिंतीवर अन्न परवान्याच्या नोंदणीचा कागद. पाटी नाही. थाळी सत्तर रुपये : तीन चपात्या किंवा दोन भाकऱ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात, कांदा. वीस कुपनांचे कार्ड घेतले तर तेराशे, म्हणजे थाळी पासष्टला. येणार नसाल तर आदल्या रात्री सांगायचे, खाडा धरला जातो. न सांगता चुकलात तर कुपन गेले. नियम कडक, पण सरळ. रविवारी बंद, कारण त्या दिवशी मावशी कपडे धुतात आणि झोपतात. असे त्यांनीच सांगितले.

"खाणावळ" हा शब्द आता आपल्या मुलांना पुस्तकातला वाटतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेकटे राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका घराघरांतून खाणावळी चालवत, आणि सावकाराच्या व्याजात बुडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. आपल्या मावळाचा तर या गोष्टीशी आणखी जवळचा संबंध आहे. मुंबईचे डबेवाले कुठले? मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर. आपल्याच पुणे जिल्ह्यातले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केल्याचे सांगतात. परगावी नोकरी करणाऱ्याच्या पोटात घरचेच अन्न पडावे, यासाठी सव्वाशे वर्षे मावळातली माणसे लोकलमधून धावत आहेत. मावशींचे सासरेही त्यांतलेच, पवन मावळातल्या एका खेड्यातले. त्या म्हणाल्या, "ते डबा पोचवायचे, मी ताट वाढते. धंदा एकच."

सातवीला इतिहास शिकवताना मुलांनी मला एकदा विचारले होते, की रेस्टॉरंट हा शब्द कुठला. शब्द फ्रेंच आहे, आणि मूळ अर्थ आहे ताकद परत आणणारे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला पाजायच्या मांसाच्या कढणाला, म्हणजे आपल्या यखनीला, रेस्टॉरंट म्हणत. ते विकणाऱ्या दुकानाला पुढे तेच नाव पडले. नंतर १८५५च्या सुमारास दुव्हाल नावाच्या एका खाटकाने तिथल्या बाजारात काम करणाऱ्यांसाठी गरम कढण आणि उकडलेले मांस ठरलेल्या स्वस्त भावात द्यायला सुरुवात केली. त्या प्रकारच्या खाणावळींना तिथे कढणाचेच नाव आहे, बुयों, आणि १८९६ साली निघालेली एक तर अजून चालू आहे. दुव्हालची दुकाने चालण्याचे कारण मावशींसारखेच होते : पदार्थ थोडे, भाव ठरलेला, गिऱ्हाईक रोजचे. आणि हो, फ्रान्समध्ये जेवायला बसलेल्याला साध्या पाण्याचा जग फुकट द्यावाच लागतो. तो मागायला कुणी लाजत नाही म्हणे.

अम्मींना मावशींकडे न्यायचे मोठेच संकट होते. भांडी कशी असतील, तेल कसले असेल, बुधवारी-शनिवारी तिथे कोंबडीचा रस्सा असतो तो कुठल्या दुकानातला? मी म्हटले, बाकीचे दिवस तिथे शाकाहारीच असते, तेव्हा तो प्रश्न येतच नाही. पहिल्या दिवशी त्या फक्त भाकरी आणि पिठले जेवल्या, पदराने ताट पुसून. बाकड्यावर आधीच बसलेले दोन वॉचमन उठून उभे राहिले, "बसा आजी" म्हणाले आणि ताटे घेऊन पायरीवर जाऊन जेवले. अम्मींना ते फार लागले. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी, बाराच्या ठोक्यालाच हजर. आणि चौथ्या दिवशी पाहते तर आत मावशींच्या शेजारी पाटावर बसून तांदूळ निवडताहेत आणि आमटीत कोकम कधी घालायचे यावर दोघींचा वाद चालला आहे.

तांदूळ इंद्रायणी. १९८७ साली आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला वाण, आंबेमोहोर आणि आयआर-आठ यांच्या संकरातला. शिजला की वास बोळभर. अम्मींना भात मना आहे, म्हणून मावशी त्यांच्या ताटात भाताऐवजी जास्तीची भाजी घालत, न सांगता. कुपन मात्र पूर्णच घेत, आणि ते बरोबर आहे.

रश्श्याचे मावशींनीच विचारले. "टीचर, बुधवारी तुम्ही नुसती आमटी खाता. तुमच्या दुकानातून कोंबडी आणली तर चालेल ना? मला काय, कोंबडी ती कोंबडी." आमच्या मोहल्ल्यातले दुकान सांगितले. अम्मींनी तरी पहिल्या वेळी नातवाला सोबत धाडलेच, खात्री करायला. तेव्हापासून सगळ्याच गिऱ्हाइकांना त्या दुकानाची कोंबडी मिळते. कुणाची तक्रार आलेली नाही. दोघे-तिघे तर रस्सा सुधारला म्हणाले, पण ते बहुधा अम्मींनी सांगितलेल्या मसाल्यामुळे.

कुणीतरी सुचवले होते, शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळते, तिथे का जात नाही? २६ जानेवारी २०२० पासून ही योजना आहे : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. बाकीचे पैसे सरकार भरते, आणि प्रत्येक केंद्राला रोजच्या थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असते. मी अम्मींना विचारले. त्या म्हणाल्या, "तू पगार घेतेस. तुझ्या ताटापायी रांगेतला शेवटचा माणूस उपाशी गेला तर?" पुढे तो विषय काढला नाही.

रविवारी दोनदा लोकल पकडून कामशेतला नणंदेकडे गेलो. पाच माणसे घेऊन कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. भाजी, दूध आणि पाव किलो चहा बरोबर नेला. तिने नको-नको म्हटले, पण घेतला. तिसऱ्या रविवारी शेजारच्या काकूंनी स्वतःचे स्वयंपाकघर उघडून दिले. त्यांच्याकडे मांस-मासे चालत नाहीत, त्यामुळे मी मसूर आणि भेंडी केली, आणि निघताना ओटा त्यांच्यापेक्षा स्वच्छ करून दिला. काकूंना ते आवडले नसावे, पण बोलल्या नाहीत.

२६ मेला पाऊस आला. दरवर्षी जूनमध्ये येणारा तो यंदा मेमध्येच पुण्यात दाखल झाला, आणि आमच्या खिडकीला अजून चौकट बसायची होती. प्लास्टिक बांधून दोन रात्री काढल्या. बिगारी मुले लग्नासाठी गावी गेली होती. ईद बारा दिवसांवर. बकरी ईदच्या दिवशी घरात चूल नाही, या विचाराने मला रडू येत होते, आणि ह्यांना मिस्त्रीशी बोलायचे म्हटले की घाम फुटत होता. शेवटी अम्मीच त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. काही बोलल्या नाहीत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे फक्त मावशींकडे जेवायला. पाच दिवस. त्याने काम संपवले.

सोमवार, २ जूनला ओटा पुसला. एकतीस दिवस झाले होते. हिशेब सांगते, कारण असे हिशेब कुणी सांगत नाही. पहिले चार दिवस पाच हजार, पुढचे पाच दिवस अडीच हजार, दवाखाना साडेसातशे. नंतरच्या बावीस दिवसांत कुपनांची सात कार्डे म्हणजे नऊ हजार एकशे, सकाळचा चहा-खारी बावीसशे, आणि तीन रविवार मिळून हजार. एकूण वीस हजार साडेपाचशे. ठरवलेल्याच्या दुप्पट. पहिल्या चार दिवसांच्या चालीने महिना काढला असता तर एकोणचाळीस हजारांच्या घरात गेलो असतो. तरीही दहा हजार जास्त गेलेच. ते चिमणीतून गेले. भिंतीला चिमणीसाठी भोक पाडून ठेवले आहे, सध्या त्याला पुठ्ठा लावला आहे.

आता काम काढणार असाल तर दोन-तीन गोष्टी. मिस्त्री सांगेल त्या दिवसांना अडीचने गुणा आणि जेवणाचे पैसे तेवढ्या दिवसांचे ठेवा. पहिल्या दिवसापासूनच खाणावळ शोधा, कंटाळल्यावर नाही. आणि पहिल्यांदा एकच थाळी घेऊन बघा, मगच कार्ड. जिथे माणसे घाईने येतात, गरम जेवतात आणि पातेले दोन वाजता रिकामे होते, तिथले अन्न शिळे असण्याची भीती कमी. घरात साखरेचा किंवा रक्तदाबाचा पेशंट असेल तर खाणावळीत आधीच सांगा. मोठ्या हॉटेलात कुणी ऐकत नाही, लहान जागी ऐकतात. पाव-वड्यावर महिना काढू नका. आणि काम मे महिन्यात काढू नका, निदान लोणावळ्यात तरी.

३ जूनला नव्या ओट्यावर पहिल्यांदा चहा ठेवला, मिस्त्रीलाही पाजला. अम्मींची साखर एकशे बेचाळीस आहे. कार्डातली सात कुपने उरली होती. मावशी पैसे परत देत होत्या, मी घेणारही होते, पण मुलाने कुपने दप्तरात लपवून ठेवली. आता शाळा सुटल्यावर बुधवारी तो घरी उशिरा येतो आणि रात्री भूक नाही म्हणतो. मी विचारत नाही. परवा पाहिले तर तीन उरली आहेत, आणि अम्मींच्या बटव्यात नवे कोरे कार्ड आहे.